मजुरी माझी, तांबं तुमचं

सबमर्सिबल मोटार एकदा बंद करून बोअरमध्ये सोडली की तिच्या पोटात काय आहे ते तार भरणाऱ्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. शेतकरी वरून पाहतो तर लोखंडी नळकांडं, केबल आणि पाणी. पाणी आलं म्हणजे मोटार चांगली भरली, एवढंच त्याच्या हातात असतं. आत तार कुठल्या गेजची आहे, वेढे पुरते घातलेत की चार कमी, तार नवी आहे की कुणाच्या मोटारीतली उरलेली, हे तो कधीच बघू शकत नाही. धंद्यात देव कुठे येतो असं मला कुणी विचारलं, तर मी इथूनच सांगायला सुरुवात करतो.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही) घोडेगावच्या पुढे संभाजीनगर रस्त्याला माझा एक गाळा आहे. मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान. भरणारा, बेअरिंग बदलणारा, बिल लिहिणारा, उधारी मागणारा आणि संध्याकाळी शटर ओढणारा, सगळा मीच. गाव वडाळा मिशनच्या बाजूचं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली, पुढे या खेड्यापाड्यांत पोचली, त्या ओघात आमचं घराणं ख्रिस्ती झालं. नगरला मिशनची सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची इंडस्ट्रियल स्कूल होती, हातकाम शिकवणारी. आमच्या घरात तिचं नाव अजून निघतं, कारण आजोबांचं मत पक्कं होतं: प्रभू स्वतः सुतार, पौल तंबू शिवणारा, तेव्हा हाताला घट्टे पडलेला माणूस देवाच्या जवळचा. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला.

आयटीआयनंतर नगरमध्ये एका उस्तादाकडे काही वर्षं काढली. माणूस सोन्यासारखा. वाइंडिंग त्यांनीच शिकवलं. कॉइल साच्यावर कशी ओढायची, स्लॉटमध्ये तार न सोलता कशी बसवायची, पाण्यात चालणाऱ्या मोटारीची प्लास्टिकच्या वेष्टणाची तार भरायच्या आधी पाण्यात बुडवून, वेष्टणातून वीज गळते का ते दाखवणारा मेगर का लावायचा, हे सगळं त्यांचं देणं. सबमर्सिबलला वार्निश नसतं, तिच्या आत पाणीच भरलेलं असतं. तारेच्या वेष्टणाला सुईएवढं भोक राहिलं तरी मोटार आठवड्यात वर येते. स्वतःचं दुकान टाकताना मुद्राचं ‘शिशु’ कर्ज घेतलं, पन्नास हजारांपर्यंत मिळतं आणि तारण लागत नाही. उद्यम नोंदणी आधार नंबरावर घरबसल्या फुकट झाली. कागदपत्रांचं एवढंच. खरा प्रश्न वेगळा होता: भाव कसा लावायचा?

आमच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. जळलेल्या मोटारीतून निघालेलं जुनं तांबं दुकानात राहतं. गिऱ्हाइकाने मागितलं तर देतात, नाही मागितलं तर भंगारात जातं. पाच एचपीच्या मोटारीतून तीन-चार किलो निघतं, आणि जळक्या तांब्याला अलीकडे किलोला पाचशेच्या वर भाव आहे. म्हणजे मजुरीपेक्षा तांबंच कधीकधी जास्त देऊन जातं. यात सगळे चोर आहेत असं मी म्हणत नाही. बऱ्याच दुकानांत ते धरूनच भाव कमी सांगतात, आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक असेल तर व्यवहार स्वच्छ आहे. पण बहुतेकांना ठाऊक नसतं.

खोटा तराजू देवाला आवडत नाही, हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन आम्ही रविवारच्या चर्चच्या शाळेत पाठ केलेलं. मी ठरवलं की माझ्या बिलावर दोन ओळी वेगळ्या असतील. एक मजुरी, एक माल. मजुरी माझी, तिचं काय करायचं ते मी ठरवीन. माल माझा नाही. नवी तार नगरच्या व्यापाऱ्याची, महिन्याच्या उधारीवर आणलेली. जुनं तांबं शेतकऱ्याचं. ते पिशवीत बांधून, वजन लिहून परत द्यायचं. नव्या तारेचं रीळ काम सुरू करायच्या आधी काट्यावर ठेवतो, संपल्यावर पुन्हा ठेवतो, आणि कापलेले तुकडेही शेतकऱ्याच्याच पिशवीत टाकतो, कारण वजन त्याच्या नावावर पडलेलं असतं.

हे बोलायला सोपं वाटतं. पहिला उन्हाळा फार जड गेला. तांबं परत द्यायचं म्हटल्यावर पोट मजुरीवरच भरायचं, म्हणून मजुरी वाढवून सांगावी लागली.

“मिस्तरी, तो पलीकडचा हजार रुपयांनी कमी घेतो.”

“त्याला विचारा, जळकं तांबं देतो का. ते धरून हिशेब करा.”

“तांबं घेऊन मी काय करू? मला मोटार पाहिजे.”

आणि माणूस मोटार उचलून पिकअपमध्ये टाकायचा. मंडळींनी, म्हणजे बायकोने, एकदा विचारलं की परमेश्वराला तांब्याचा हिशेब एवढा बारीक लागतो का. मी म्हटलं, लागतो की नाही माहीत नाही, पण मला रात्री झोप लागते. ती म्हणाली, झोप लागते कारण दिवसभर काम नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कलाटणी प्रार्थनेने मिळाली असं सांगितलं तर चर्चमध्ये द्यायची साक्ष चांगली रंगेल, पण मिळाली ती भंगारवाल्यामुळे. गावोगाव फिरणारा भंगारवाला शेतकऱ्यांकडून माझ्या पिशव्या विकत घ्यायला लागला, वजन माझं लिहिलेलं, पैसे रोख. शेतकऱ्याच्या हातात दीड-दोन हजार पडले की तो चार जणांना सांगतो. मी प्रार्थना करत होतोच. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतो, कुणी काय जोडायचं ते जोडावं.

अल्युमिनियमचंही सांगतो, कारण माझ्याकडून लोक त्याला शिव्या ऐकायच्या तयारीत असतात. अल्युमिनियमच्या तारेत पाप नाही. स्वस्त पडते, जाड घ्यावी लागते, स्लॉटमध्ये जागा असली तर काम देते. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला मी ती सुचवतो आणि बिलावर ठळक लिहितो. तिच्यावर तांब्याचा मुलामा असलेली तार मिळते, ती तांबं म्हणून खपवणं हे पाप. कापून पाहिल्याशिवाय आतला पांढरेपणा कुणाला कळत नाही.

गॅरंटीच्या बाबतीत मात्र शास्त्र मला सरळ उत्तर देत नाही. सहा महिन्यांची गॅरंटी मी तोंडी देतो. एकदा ओळखीतले एक तात्या भरलेली मोटार महिन्यात परत घेऊन आले. रागावलेले. “तुमचं वाइंडिंगच कच्चं. येशूचं नाव घेता आन्‌ असलं काम?” मोटार उघडली. ही वेळ मला आवडते, कारण कॉइली खोटं बोलत नाहीत. स्टेटरवर, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागावर, कडेने पाहिलं तर दोन फेजच्या कॉइली कोळशासारख्या काळ्या आणि तिसऱ्या फेजची कॉइल पिवळीधमक, मी भरली तशीच. स्टारमध्ये जोडलेली मोटार दोन फेजवर चालली की हे असंच दिसतं. वाइंडिंग कच्चं असतं तर एका ठिकाणी डाग पडला असता. तात्यांच्या स्टार्टरमधला, एक फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर काढून टाकलेला होता आणि कंडेन्सर लावून मोटार दोन फेजवर पळवली होती. रात्रीची थ्री फेज लाइट असते तेव्हा झोपायचं आणि दिवसा जी येईल तिच्यावर कांदा भिजवायचा, हा आमच्या भागातला घरोघरीचा प्रकार.

दुसरा गाल पुढे करायचा असेल तर पुरी मोटार फुकट भरून द्यायला हवी. पण तार व्यापाऱ्याची आहे, त्याच्या गालावर मी चापट कशी घेऊ? पुन्हा त्याच दोन ओळी कामाला आल्या. मजुरी सोडली, तारेचे पैसे घेतले, काळ्या-पिवळ्या कॉइली तात्यांना हातात धरून दाखवल्या. प्रिव्हेंटर बसवला तरच पुढची गॅरंटी, असं सांगितलं. ते घुश्शातच गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या भावाची मोटार आली, त्यांनीच पाठवलेली.

रविवारचा प्रश्न सगळ्यांत जास्त चिघळला. रविवारी सकाळी उपासना, दुकान बंद, हे पहिल्यापासून. पण मार्च-एप्रिलमध्ये मोटार जळते ती वार बघून जळत नाही. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास अशी पाळीने. दिवसपाळीचा आठवडा रविवारी संपत असला आणि मोटार शनिवारी जळली, तर शेतकरी काय करणार? लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू परूश्यांना, म्हणजे कर्मठ यहुद्यांना विचारतो, तुमचा बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशी, विसाव्याच्या वारी, काढणार नाही का? आमच्याकडे बैल नसेल पडला, मोटार पडलेली असते, आणि गोठ्यात वीस संकरित गाई पाण्यासाठी हंबरत असतात.

म्हणून ठरवलं: माणसांच्या आणि जनावरांच्या पाण्याची मोटार असेल तर रविवारी उपासनेनंतर भरीन, आणि ती सेवा म्हणून मजुरी घेणार नाही. पिकाची मोटार सोमवारी. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांना हे फार पटलं. म्हणाले, दयेचं काम पैसे घेऊन केलं तर ते दयेचं राहत नाही.

झालं असं की रविवारी मजुरी नाही ही बातमी आसपासच्या गावांत पोचली. बघता बघता तालुक्यातली प्रत्येक मोटार गाईंना पाणी पाजणारी निघाली! शुक्रवारी जळलेल्या मोटारी रविवारची वाट पाहत घरी पडून राहू लागल्या. एकाच्या गोठ्यात एक शेळीही नव्हती. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, अरे, पाच भाकरी आणि दोन मासे वाटले तेव्हासुद्धा लोक पोटासाठीच मागे आले होते. आता रविवारी मजुरी पुरी घेतो आणि ती दानपात्रात टाकतो, पैसा घरी नेत नाही. गर्दी आपोआप ओसरली. खरोखर अडलेलेच येतात.

इतर वारांची गंमत अशी की शनिवारी शिंगणापूरच्या गर्दीने रस्ता तुंबतो आणि टेम्पो दुकानाला लागत नाही. अमावस्येला भरलेली मोटार न्यायला कुणी येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांच्या धर्माचंही कॅलेंडर मला पाठ आहे.

मोटार सोडायला मी स्वतः शेतावर जातो. पाइप जोडत जोडत चेनपुलीने मोटार खाली जाते, केबल बांधत राहायचं, आणि बटन दाबायच्या आधी शेतकरी नारळ फोडतो. आमच्यातल्या काहींचं म्हणणं, ख्रिस्ती माणसाने तिथे उभंही राहू नये. मी उभा राहतो, डोळे मिटून मनातल्या मनात या घराला पाणी लागू दे म्हणून मागतो. मग खोबरं पुढे येतं. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौलाने मूर्तीला दाखवलेल्या अन्नावर आठवा अध्याय खर्च केला आहे, तो मी इतक्यांदा वाचलाय की कुठे काय आहे ते पानावर बोट ठेवून सांगू शकतो. त्याचा कल असा दिसतो की खाल्ल्याने आपलं काही बिघडत नाही, पण दुर्बळ विश्वासाच्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नये. माझ्यासोबत मंडळीतला कुणी नसतो, शेतात ठेच लागणारा भाऊ तो शेतकरीच, आणि त्याला ठेच लागेल ती मी खोबरं नाकारलं तर. म्हणून घेतो, खिशात ठेवतो. घरी पोरं खातात. हे सगळ्यांना पटेल असं नाही, आमच्या साडूंना बिलकुल पटत नाही.

खंडेनवमीला शेजारचा गॅरेजवाला पाना-पक्कडींना झेंडू घालतो आणि विचारतो, “तुमची हत्यारं उपाशी का?” मी म्हणतो, आज त्यांना आंघोळ आहे. त्या दिवशी वाइंडिंग मशीन उघडून तेलपाणी करतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तो आपट्याची पानं आणतो, मी नाताळात त्याला करंज्या देतो. त्याच्याकडून क्रेन लागते मला, आणि माझ्याकडून त्याला मेगर.

दशांशाचा घोळ दोन ओळींमुळेच सुटला. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा उपदेश ऐकून पहिल्या वर्षी मी जे काही हातात येईल त्याचा दहावा भाग चर्चच्या पाकिटात घालत होतो. धंदेवाल्याच्या हातात येणारे पैसे म्हणजे पाटाचं पाणी, बरंचसं पुढच्याच्या वावरात जाणारं. तारेवाल्याच्या पैशाचा दशांश मी देत होतो आणि मग तारेवाल्याला द्यायला पैसे उरत नव्हते. नोकरीवाल्या भावांना हा प्रश्नच पडत नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, घरात काय आलं? मजुरी. मग त्याचा दे. घराचं आणि दुकानाचं खातं तेव्हाच वेगळं केलं, क्यूआर कोडही वेगळा. ख्रिस्ती माणसाने हिशेब चोख ठेवावा तो आयकरवाल्यांना भिऊन नाही, पण त्यांनी विचारलंच तर हीच वही पुढे करता येते हा फायदा आहेच.

वाढवून बिल मागणारे येतात. एका संस्थेच्या पंपाचं काम वर्षभराचं मिळणार होतं, चांगलं मोठं. साहेब म्हणाले, बिलात जरा वर धरा, फरक आपण बघून घेऊ. मी म्हटलं, वजन लिहून देतो, वजन वाढवता येत नाही. काम गेलं. कुणी म्हणेल देवाने दुसरं दार उघडलं. नाही उघडलं. त्या वर्षी मुलीची फी दोन हप्त्यांत भरली.

२०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत झाल्यावर नवीनच मागणी सुरू झाली. मोटार दहाची, पाटी साडेसाताची करून द्या. पंच मारून नवी पाटी ठोकायला पाच मिनिटं लागतात. मागणारे गरीब असतात, वाईट नसतात, आणि सरकार बुडतंय यात त्यांना पाप वाटत नाही. मी त्यांना प्रवचन देत नाही. दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाला वचन ऐकवू नये. जी मोटार भरली त्यात जे आहे तेच पाटीवर लिहितो, एवढंच सांगतो. काही जण चहा पिऊन जातात, काही न पिता.

मंडळीतले लोक हा वेगळाच अध्याय. “आपल्यातलेच आहात” म्हणून सवलत मागणारे आपल्यातलेच जास्त. सगळ्यांना एकच भाव, हे पहिल्या वर्षीच जाहीर केलं. विधवा बाई असेल, एकट्या म्हाताऱ्याची पिठाची गिरणी असेल, तर मजुरी लावत नाही, आणि त्यात जातधर्म पाहत नाही. बायबलच्या लेवीय पुस्तकात शेताच्या कडेचं पीक कापू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं सांगितलंय. माझ्या शेताची कड म्हणजे मजुरी.

उधारीची वही मात्र अजून दुखते. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि घोडेगावच्या मार्केटात भाव असे कोसळले की वहीत नाव असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस एकाच आठवड्यात नादार झाला. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी कर्जमाफी आहे. वाचायला फार सुंदर अध्याय आहे, पण तो लिहिला तेव्हा कुणाकडे नगरच्या व्यापाऱ्याची तीस दिवसांची उधारी नसावी. मी एकेकाच्या पानावर मजुरीच्या रकमेवर रेघ मारली. तारेचे राहू दिले, आणि मे महिन्यात निर्यात उघडली तेव्हा हळूहळू द्या म्हटलं. बहुतेकांनी दिले. काहींनी रेघ मारलेलेही आणून दिले, ते परत करताना वाद घालावा लागला. दोघे-तिघे आजही रस्त्यात दिसले की मोटारसायकल दुसरीकडे वळवतात. त्यांचं काय करायचं, प्रभूने सांगितल्याप्रमाणे साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची का, हे मी पाळकसाहेबांना विचारलेलं नाही, कारण उत्तर काय येईल ते माहीत आहे.

आता काळ बदलतोय. शिवारात सौर पॅनेल उभी राहतायत, त्यांच्या पंपांना पाच वर्षं कंपनीची जबाबदारी, म्हणजे तोवर ते माझ्याकडे यायचे नाहीत. आले तरी बिघाड कंट्रोलरमध्ये असणार, वाइंडिंगमध्ये कमी. तो डबा मला उघडता यायला हवा म्हणून नगरला एकाकडे ड्राइव्ह, म्हणजे असले कंट्रोलर, दुरुस्त करायचा क्लास लावायचं ठरवलंय. माणूस हुशार आहे, फीही बेताची. फक्त त्याची बॅच रविवारी सकाळी असते. शनिवारी शिकवाल का म्हणून विचारलंय, शिंगणापूरच्या गर्दीतून वाट काढत येईन म्हटलं. त्याचा फोन अजून आलेला नाही.